हिब्रू धर्मग्रंथांतून अडीच हजार वर्षांपूर्वीचे रोजचे जगणे कसे वाचतात?

‘उत्खननात बायबल खरे ठरले’ असा एक व्हिडिओ फिरत असतो आणि त्याच्याखाली ‘हे सगळे थोतांड आहे’ अशा प्रतिक्रिया येत असतात. या दोन टोकांच्या मध्ये इतिहासकारांचे एक मोठे काम चालू असते, पण ते फारसे व्हायरल होत नाही. समुद्र दुभंगला की नाही, या वादात ते पडत नाहीत. त्या काळातल्या माणसाच्या घराला गच्ची होती का, नांगराचा फाळ शेवटून घ्यायला तो किती पैसे मोजत होता, कर्जापायी त्याचे कोणते कपडे गहाण पडत होते, हे ते याच ग्रंथांतून शोधतात.

धर्मग्रंथातून सांस्कृतिक इतिहास शोधायचा म्हणजे नक्की काय करायचे, त्यात फसगत कुठे होते आणि हिब्रू ग्रंथांबाबत त्यातून काय हाती लागले, ते समजून घेऊ.

हे ग्रंथ कोणते आणि किती जुने?

ज्यू लोक ज्याला ‘तनाख’ म्हणतात, तोच ग्रंथसंग्रह थोड्या वेगळ्या क्रमाने ख्रिस्ती बायबलमध्ये ‘जुना करार’ म्हणून येतो. ज्यू मोजणीप्रमाणे त्यात २४ पुस्तके आहेत आणि त्यांचे तीन भाग पडतात: तोरा (नियमशास्त्र), संदेष्टे आणि इतर लेखन. बहुतेक मजकूर हिब्रू भाषेत आहे, काही भाग अरामी भाषेत आहे.

हे एका माणसाने एका बैठकीत लिहिलेले पुस्तक नाही. कायदे, वंशावळी, राजांच्या बखरी, प्रेमगीते, म्हणी, प्रार्थना असे कित्येक प्रकार त्यात आहेत आणि ते काही शतकांत रचले आणि संपादित केले गेले. जर्मन अभ्यासक युलियस वेलहाउझेन यांनी १८७८ मध्ये तोरामध्ये वेगवेगळ्या काळांतले थर असल्याची मांडणी केली. तिच्या तपशिलांवर आजही वाद होतात, पण मजकूर थराथराने तयार झाला हे बहुतेक अभ्यासक मानतात.

हस्तलिखितांची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. संपूर्ण तनाखची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत ‘लेनिनग्राड कोडेक्स’ साधारण इ.स. १००८ मधली आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या आणि हा पुरावा एकदम हजार वर्षांनी मागे गेला. त्यातली यशया या पुस्तकाची सात मीटरहून लांब गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहे. १९७९ मध्ये यरुशलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर ‘गणना’ या पुस्तकातल्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर कोरलेला आहे. त्या साधारण इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरच्या किंवा सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानल्या जातात.

गोष्टीचा काळ आणि लिहिणाऱ्याचा काळ

ग्रंथातल्या प्रत्येक मजकुराला दोन काळ असतात: गोष्ट ज्या काळाची सांगितली आहे तो, आणि लिहिणारा ज्या काळात जगत होता तो. सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने बऱ्याचदा दुसरा काळ जास्त बोलका असतो.

याचे गाजलेले उदाहरण उंटांचे. ‘उत्पत्ती’ या पुस्तकात अब्राहामाकडे उंट आहेत. त्याच्या गोष्टी पारंपरिक गणनेने इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात घडतात. पण ओझी वाहणारे पाळीव उंट इस्रायलच्या दक्षिण भागात इ.स.पू. दहाव्या शतकाच्या शेवटाकडे दिसू लागतात, असे अरावा खोऱ्यातल्या तांब्याच्या खाणींजवळ सापडलेल्या हाडांच्या अभ्यासावरून तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडले. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याने आपल्या काळातले श्रीमंताचे वैभव पूर्वजाच्या अंगणात बांधले असावे. अब्राहाम होता की नव्हता, हे यातून ठरत नाही. ही गोष्ट या रूपात कोणत्या समाजात सांगितली जात होती, हे मात्र कळते.

यरीहोच्या तटबंदीचेही असेच आहे. कॅथलिन केनयन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केले. यहोशवाच्या विजयाचा जो काळ धरला जातो, त्या काळातली कोसळलेली भव्य तटबंदी त्यांना मिळाली नाही. ‘मग गोष्ट खोटी’ म्हणून अनेक जण इथेच थांबतात. इतिहासकार पुढचा प्रश्न विचारतो: ही विजयकथा कोणाला, कोणत्या संकटात, स्वतःला सांगावीशी वाटली?

सहज आलेला उल्लेख सर्वांत भरवशाचा

राजाचा पराक्रम, देवाचा चमत्कार, शत्रूची दुष्टाई सांगताना लेखकाला काहीतरी पटवून द्यायचे असते. पण गोष्ट सांगता सांगता तो घर, चूल, वजनमाप यांचा उल्लेख करतो तेव्हा त्याला काहीच सिद्ध करायचे नसते. म्हणून असे सहज आलेले तपशील इतिहासकाराला जास्त मोलाचे वाटतात.

गच्चीचेच पाहा. ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकात एक नियम आहे: नवे घर बांधले तर धाब्याला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून मरण्याचा दोष तुझ्यावर येणार नाही. ‘यहोशवा’मध्ये राहाब ही स्त्री हेरांना लपवते ती धाब्यावर पसरलेल्या जवसाच्या काड्यांखाली. ‘शमुवेल’मध्ये दावीद राजा संध्याकाळी धाब्यावर फेऱ्या मारतो. कायदा, हेरकथा आणि राजवाड्यातली भानगड असे तीन अगदी वेगळे मजकूर आहेत. तिन्हींत मिळून एकच चित्र उभे राहते: सपाट छपराची घरे आणि त्यावर वाळवण टाकणारी, वावरणारी माणसे.

दुसरे उदाहरण एका शब्दाचे आहे. ‘१ शमुवेल’च्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की इस्रायलात लोहार नव्हते, त्यामुळे शेतकऱ्यांना नांगराचे फाळ आणि कुदळी शेवटून घ्यायला पलिष्टी लोकांकडे जावे लागे. त्या वाक्यात ‘पीम’ हा शब्द येतो. संपूर्ण तनाखमध्ये तो एकदाच आला आहे आणि त्याचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तिथे अंदाजाने ‘कानस’ असा अर्थ घातला गेला. विसाव्या शतकात उत्खननांत वजनाचे छोटे गोल दगड मिळू लागले. त्यांच्यावर तीच अक्षरे कोरलेली होती: पीम. वजन साडेसात-आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेकेलच्या सुमारे दोन तृतीयांश. वाक्याचा अर्थ लागला. फाळ शेवटून देण्याचा दर एक पीम चांदी होता.

यात आणखी एक धागा आहे. असे कोरीव दगड मुख्यतः इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतल्या यहूदा राज्याच्या थरांत सापडतात. गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधीची, शौल राजाच्या काळातली आहे. म्हणजे हा दर लिहिणाऱ्याच्या ओळखीच्या बाजारातला असण्याची शक्यता आहे. आणि ज्याला ‘पीम’ माहीत होता तो हे वजन वापरातून जाण्यापूर्वीचा असला पाहिजे, किंवा त्याच्या हाती तितका जुना मजकूर असला पाहिजे.

शेतीच्या हंगामांचेही असेच ताळे जुळतात. ‘रूथ’ या पुस्तकाची सगळी कथा जवाच्या आणि मग गव्हाच्या कापणीभोवती फिरते. एक परदेशी विधवा शेतात मागे राहिलेली कणसे वेचून सासूला जगवते. गरिबांसाठी शेताचे कोपरे कापू नयेत, असा नियम ‘लेवीय’मध्ये आहे. १९०८ मध्ये गेझेर इथे चुनखडीची एक लहान पाटी सापडली. ती इ.स.पू. दहाव्या शतकातली मानली जाते. तिच्यावर वर्षभराची कामे महिन्यांप्रमाणे लिहिली आहेत: फळांची तोड, पेरणी, मागास पेरणी, जवस, जव, इतर धान्याची कापणी, द्राक्षवेलींची निगा आणि शेवटी उन्हाळी फळे.

कायद्यात होते म्हणजे समाजात होते का?

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. नियम वाचून ‘त्या काळी लोक असे वागत’ असे म्हणणे सोपे असते. पण नियम म्हणजे कोणाची तरी अपेक्षा असते. प्रत्यक्ष काय चालले होते, त्यासाठी दुसरा पुरावा लागतो.

‘निर्गम’मध्ये म्हटले आहे की शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत दे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढेच असते. १९६० मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरच्या मेत्साद हशाव्याहू या छोट्या किल्ल्यात शाईने लिहिलेले एक खापर सापडले. ते इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचे आहे. कापणी करणारा एक मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो आहे. त्याचे म्हणणे असे: ठरलेली कापणी पूर्ण केली, धान्य कोठारात टाकले, तरीही मुकादमाने माझे वस्त्र काढून घेतले. सोबतचे मजूर साक्ष देतील. माझे वस्त्र परत मिळवून द्या.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका मजुराची तक्रार खापरावर टिकून राहिली. ‘निर्गम’मधला नियम हवेतून आलेला नव्हता आणि अंगावरचे वस्त्र हिसकावले जाणे ही खरीच भीती होती, हे तिच्यावरून दिसते. पण मजूर कुठल्याही धर्मग्रंथातल्या कलमाचा हवाला देत नाही. तो आपल्या निर्दोषपणावर आणि अधिकाऱ्याच्या दयेवर भिस्त ठेवतो. नियम आणि जगणे एकमेकांच्या जवळ आहेत, तरी एकच नाहीत.

माशांची गोष्ट याच्या उलट आहे. पर आणि खवले नसलेले जलचर खाऊ नयेत, असे तोरा सांगते. योनातान अॅडलर आणि ओम्री लर्नाऊ यांनी उत्खननांत मिळालेल्या माशांच्या हाडांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. यहूदा राज्याच्या काळात, अगदी यरुशलेममध्येही, मांगूर-शिंगाळ्यासारखे खवले नसलेले मासे लोक खात होते, असे त्यात दिसले. रोमन काळात मात्र ते प्रमाण घटलेले दिसते. म्हणजे हा नियम सर्वसामान्यांच्या ताटापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला असावा.

आणि कधी कधी पुस्तक हाताशी नसतानाही रिवाज टिकतो. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण. इतर ज्यूंशी फारसा संपर्क नसतानाही ते शब्बाथ पाळत, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

शेजाऱ्यांचे कायदे ठेवा बाजूला

इ.स.पू. अठराव्या शतकातल्या बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायद्यांचा शिलास्तंभ १९०१-०२ मध्ये इराणमधल्या सुसा इथे सापडला. त्यात मारक्या बैलाबद्दल कलमे आहेत. ‘निर्गम’मध्येही आहेत आणि दोन्हींची मांडणी खूप सारखी आहे: बैलाने अचानक शिंग मारले तर एक न्याय, बैल मारका आहे हे माहीत असून मालकाने काळजी घेतली नसेल तर दुसरा, मेलेला गुलाम असेल तर तिसरा.

फरक शिक्षेत आहे. हम्मुराबीकडे मारक्या बैलाचा मालक ठरलेली चांदी भरून सुटतो. ‘निर्गम’मध्ये माणूस मारणाऱ्या बैलाला दगडमार करायचा आणि त्याचे मांस खायचे नाही. मालकाला माहीत असूनही त्याने दुर्लक्ष केले असेल तर त्यालाही मरणाची शिक्षा, मात्र खंडणी देऊन जीव वाचवण्याची वाट ठेवली आहे. हिब्रू लेखक पश्चिम आशियातल्या सामायिक कायद्याच्या परंपरेत वाढले होते आणि त्यात माणसाच्या जिवाचे मोल त्यांनी आपल्या पद्धतीने मांडले, हे या तुलनेतून कळते. गुलामाच्या जिवाची किंमत मात्र दोन्हीकडे चांदीतच आहे.

एकच युद्ध, दोन बाजूंनी

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. ती ‘२ राजे’मध्ये आहे आणि सन्हेरीबच्या स्वतःच्या कोरीव मजकुरातही आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याने ३० किक्कार सोने दिले, हा आकडा दोन्हीकडे सारखा आहे. चांदीचा आकडा ग्रंथात ३०० आहे, अश्शूरी मजकुरात ८००. तटबंदीची ४६ शहरे घेतली आणि हिज्कीयाला त्याच्याच शहरात कोंडले, असे सन्हेरीब सांगतो. पण यरुशलेम जिंकल्याचे म्हणत नाही. ग्रंथ म्हणतो, देवदूताने अश्शूरी सैन्य मारले आणि शहर वाचले. यरुशलेम पडले नाही, यावर दोघांचे एकमत आहे. कारण प्रत्येकाने आपल्या राजाला आणि देवाला शोभेल असे दिले.

यरुशलेम वाचले, पण लाखीश वाचले नाही. ग्रंथात त्या शहराच्या वाट्याला ओझरते उल्लेख येतात. निनवेच्या राजवाड्यातली शिल्पपट्टे, जे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्याच पराभवाने भरलेले आहेत: वेढा, हत्या, आणि बैलगाडीवर सामान लादून निघालेली कुटुंबे. स्त्रियांनी डोक्यावरून पायापर्यंत लांब वस्त्र घेतले आहे, मुले गाडीत बसली आहेत. यहूदी माणसे कशी दिसत, काय नेसत, हे सांगणारा इतका तपशीलवार पुरावा शत्रूने करून ठेवला.

हिज्कीयाने शहरात पाणी आणल्याचे श्रेय ‘२ राजे’ त्याला देते. यरुशलेममधल्या ५३३ मीटर लांबीच्या भुयारात १८८० मध्ये एक शिलालेख सापडला, तो आज इस्तंबूलला आहे. त्यात राजाचे नावही नाही. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या मजुरांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले, ते त्यात लिहिले आहे.

ज्यांच्यावर टीका आहे, त्यांचेही ऐका

धर्मग्रंथाचे लेखक एका विशिष्ट भूमिकेचे लोक होते. त्यांना न पटणाऱ्या गोष्टी त्यांनी रागाने लिहिल्या आणि त्यामुळेच त्या टिकल्या. यिर्मया संदेष्टा तक्रार करतो: मुले लाकडे गोळा करतात, बाप चूल पेटवतात आणि बायका ‘स्वर्गाच्या राणी’साठी कणीक मळून पोळ्या करतात. त्याच्या दृष्टीने हे पाप. इतिहासकाराच्या दृष्टीने हे घरगुती पूजेचे नेमके वर्णन, ज्यात कुटुंबातल्या प्रत्येकाला काम वाटून दिले आहे. पुढे त्या बायका यिर्मयाला तोंडावर उत्तरही देतात की ही पूजा चालू होती तोवर घरात सुबत्ता होती.

याला जमिनीतून जोड मिळाली. सिनाईच्या वाळवंटातल्या कुंतिल्लेत अजरूद इथे १९७५-७६ मध्ये उत्खनन झाले. इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या मोठ्या रांजणांवर ‘याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले मिळाले. इथे अशेरा म्हणजे देवी की पूजेचा खांब, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ग्रंथ ज्याला परक्यांचा बिघाड म्हणतो, ते काही लोकांच्या दृष्टीने आपल्याच देवाच्या पूजेचा भाग होते, हे नाकारणे अवघड झाले.

इजिप्तमध्ये आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वस्ती होती. त्यांचे अरामी भाषेतले कागदपत्र मिळाले आहेत. ‘अनुवाद’ एकाच ठिकाणी बली अर्पण करायला सांगते. या लोकांचे तिथे स्वतःचे मंदिर होते. इ.स.पू. ४१० मध्ये ते पाडले गेले, तेव्हा परत बांधण्यासाठी त्यांनी यहूदाच्या राज्यपालाला अर्ज केला. ‘अनुवाद’मध्ये सूटपत्र नवरा देतो, इथल्या विवाहाच्या करारांत बायकोही घटस्फोट मागू शकते. त्याच धर्माची माणसे, पण जगणे वेगळे.

‘कापूस’ तिथे कसा पोहोचला?

शब्दही पुरावा असतात. ‘एस्तेर’ या पुस्तकात पारसच्या राजाच्या मेजवानीचे वर्णन आहे. तिथल्या पडद्यांसाठी ‘कर्पस’ हा शब्द येतो. तो संस्कृत ‘कार्पास’ वरून पारसमार्गे हिब्रूत गेला. मराठीतला ‘कापूस’ त्याच शब्दाचा वंशज. त्याच पुस्तकाच्या पहिल्या वाक्यात राजाचे राज्य ‘होद्दू’पासून कूशपर्यंत असल्याचे म्हटले आहे. होद्दू म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, हिंद. ‘गीतरत्न’मधला सुगंधी ‘नर्द’ संस्कृत ‘नलद’शी जोडला जातो, म्हणजे हिमालयातली जटामांसी.

यावरून ‘एस्तेर’ची कथा घडली, असे सिद्ध होत नाही. पण लिहिणाऱ्याच्या जगात पारसी साम्राज्याचा दरबार आणि पूर्वेकडचे कापड ओळखीचे होते, हे कळते. शलमोनाच्या जहाजांतून आलेल्या ‘तुक्की’ पक्ष्यांचा संबंध तमिळ ‘तोगै’शी, म्हणजे मोराच्या पिसाऱ्याशी जोडतात. तो मात्र वादग्रस्त आहे, म्हणून त्यावर मोठा दावा उभारणे बरे नाही.

पुढच्या वेळी फॉरवर्ड आला तर

प्राचीन ग्रंथावर आधारलेला कोणताही दावा समोर आला तर हे पाच प्रश्न विचारावेत:

१. हा मजकूर कोणत्या काळाबद्दल आहे, आणि लिहिला कधी गेला असावा?

२. ही कथा आहे, कायदा आहे, कविता आहे की राजाची बखर? कवितेकडून हिशेब मागू नये.

३. लेखक हे पटवून देतो आहे, की सहज बोलून जातो आहे?

४. ग्रंथाबाहेरचा पुरावा आहे का: खापर, हाडे, शिलालेख, शेजाऱ्यांचे कागद?

५. पुरावा नेमके काय सिद्ध करतो? दाविदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख तेल दान इथे १९९३ मध्ये मिळाला. त्यावरून इ.स.पू. नवव्या शतकात शेजाऱ्यांना ते राजघराणे माहीत होते, हे ठरते. दाविदाची प्रत्येक गोष्ट घडली, हे ठरत नाही.

श्रद्धावानाला या पद्धतीची भीती वाटण्याचे कारण नाही, कारण देव आहे की नाही हा तिचा विषयच नाही. आणि ग्रंथ ‘थोतांड’ म्हणून बाजूला टाकणाऱ्याच्या हातून ज्यांचा दुसरीकडे कुठेच उल्लेख नाही, ती माणसे निसटतात: कणसे वेचणारी विधवा, राणीसाठी पोळ्या लाटणाऱ्या बायका, फाळ शेवटायला परमुलखात जाणारा शेतकरी. राजांनी आपली नावे दगडावर कोरून ठेवली. या बाकीच्यांची आठवण बहुतेक वेळा एखाद्या ओळीत, ओघाने, राहिलेली असते.